चार बोटांची फट

"बाबा, माल द्या," मी वरून म्हणाले.

बाबांनी घमेल्यातला सिमेंटचा गोळा थापीवर घेतला आणि थापी वर धरली. माझा हात तिथे नव्हता, वीतभर डावीकडे होता. मी वाकून थापी घेतली. त्यांना तेवढं दिसत नव्हतं आणि ही गोष्ट अख्ख्या चाळीत फक्त मला माहीत होती.

टेबलावर स्टूल आणि स्टुलावर पदर खोचून मी. एकोणीसशे त्र्याहत्तरचा तो रविवार होता, सकाळचे नऊ-साडेनऊ वाजले असतील. आमच्या आणि उमकांच्या घरामधली फट मी बुजवत होते. आधी सिमेंटच्या पाण्यात बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या कोंबायच्या, मग विटांचे तुकडे आणि त्यावर सिमेंट थापायचं. गवंडी लावला असता तर दोन तासांचं काम होतं. पण बाबा म्हणाले, "गवंड्याला कळलं की चाळीला कळलं. आपलं आपण करू." त्यांना उंचावर चक्कर येते, असंही म्हणाले. म्हणून वर मी.

पुलगावच्या गिरणीची आमची चाळ म्हणजे आठ घरांची एक रांग. आठही घरांवर एकच लाकडी तक्तपोशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. मधल्या भिंती मात्र तक्तपोशीच्या चार बोटं खालीच थांबलेल्या. आमचं घर टोकाचं, म्हणून आम्हाला शेजार एकच, उमकांचा. चाळ बांधणाऱ्या साहेबानं हवा खेळावी म्हणून तसं केलं, असं जुने लोक सांगत. हवा किती खेळली देव जाणे, बोलणं मात्र भरपूर खेळायचं. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतींना तोंडही होतं.

आणि ते तोंड म्हणजे उमकांच्या पारबताकाकू. उमककाका सूतखात्यात होते, मूलबाळ नव्हतं, तेव्हा काकूंचा सगळा जीव आमच्या घराकडे. पहाटे साडेपाचला फटीतून हाक यायची, "इंदे, ऊठ वं, पाणी आलं नळाले." फोडणी जळाली तर तिकडून सूचना यायची. आईला झटके येत, मिरगीचे. बाबा ड्यूटीवर आणि मी शाळेत असले की आईचं पडणं काकूंना वरून ऐकू यायचं आणि त्या धावत यायच्या. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तेरा दिवस काकूंनी आमची चूल पेटवली.

त्या बाईचं तोंड मी सिमेंटनं बुजवत होते आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नव्हतं.

कारण सांगते. वर्षभरात माझी दोन स्थळं मोडली होती. एक अमरावतीचं, एक यवतमाळचं. दोन्हीकडची माणसं येऊन मला पाहून गेली, मुलगी पसंत म्हणाली, पत्रिका मागवल्या आणि महिन्याभरात नकार आला. पहिल्या वेळी बाबा नुसते गप्प बसले. दुसऱ्या वेळी संध्याकाळी मला जवळ बसवून म्हणाले, "इंदू, मध्यस्थाकडून कळलं. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, मुलीच्या आईला मिरगी होती म्हणून."

"कुणी?"

बाबांनी मान वर करून त्या फटीकडे पाहिलं.

बाबा म्हणजे गिरणीचे टाइमकीपर. गजानन रहाटगावकर. सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकरा, हे तीन भोंगे त्यांच्या घड्याळावर वाजायचे. गाव त्या भोंग्यावर भात टाकायचं आणि मुलं शाळेत धाडायचं. बावीस वर्षांत भोंगा मिनिटानं पुढेमागे झाला नव्हता. असा माणूस कुणावर उगाच आळ घेईल, हे माझ्या मनात कसं यावं? आणि आईच्या आजाराचं माहीत होतं ते काकूंनाच. चाळीत बाकीच्यांना आम्ही पित्ताची चक्कर सांगत आलो होतो.

तरीही मी म्हणाले होते, "काकू कशाला करतील असं?"

"पोटचं मूल नाही तिला. तू गेलीस की तिला कोण आहे? माणूस आपल्या सोयीसाठी काहीही करतो, इंदू."

हे वाक्य त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला पटलं.

तर त्या रविवारी दोन-तृतीयांश फट बुजली होती, तेव्हा पलीकडून आवाज आला.

"इंदे, काय करून राह्यली वं?"

मी विटेचा तुकडा कोंबला.

"इंदे! माती पडून राह्यली इकडं, माया पिठात."

"फट बुजवतेय," मी म्हणाले.

"काहून?"

"तुम्हाला माहीत आहे काहून."

पलीकडे पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. काकू त्यांच्या पेटीवर चढल्या असाव्यात, कारण आता आवाज अगदी माझ्या कानापाशी आला.

"मले काई माहीत नाई. तू सांग."

"आमच्या घरातलं बाहेर कोण नेतं, ते तुम्हीच सांगा. वर कान लावून बसायचं आणि माझं वाटोळं करायचं. लाज नाही वाटत?"

बावीस वर्षांच्या मुलीनं ज्या बाईच्या मांडीवर बालपण काढलं, तिला हे म्हणावं! आज लिहितानाही माझा चेहरा तापतो. तेव्हा मात्र मला माझा अभिमान वाटला. बाबा खालून हळूच म्हणाले, "बोलू नकोस तिच्याशी. हात चालव."

शेवटची वीतभर जागा राहिली होती. तिथून काकूंची दोन बोटं इकडे आली, पीठ लागलेली.

"थांब न वं पोरी," काकूंचा आवाज आता खाली आला होता. "तुले जे बोलाचं ते बोल. पण तुया बापाले एक गोष्ट इचार. तू झाली तवा भोंगा कोणता वाजत होता? एवढंच इचार."

मला काही कळलं नाही. भोंग्याचं मध्येच काय काढलं, तो तर रोज तीनदा वाजतो. मी खाली पाहिलं. बाबांनी थापी वर धरली होती आणि या वेळी ती बरोबर माझ्या हातापाशी होती.

"थापी मार, इंदू."

मी सिमेंट लावलं. बोटं मागे गेली. मी अंगठ्यानं कोपरा दाबून घेतला, वरून ओला हात फिरवला.

"झालं का पक्कं?" बाबांनी विचारलं.

"झालं."

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती सातच्या भोंग्यानं. बाबा डबा न घेता गेले होते. घर असं शांत मी कधी अनुभवलं नव्हतं. तव्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा. काकू नळावर भेटल्या की मी घागर घेऊन बाजूला सरकायची. आठवड्यात चाळभर झालं, की उमकबाई कान लावून चुगल्या करते आणि मुलींची लग्नं मोडते. मीच दोन-तीन जणींना सांगितलं होतं. ज्यांच्या घरी उपवर मुली होत्या, त्यांनी काकूंशी बोलणं तोडलं.

महिन्याभरानं आर्वीचे लोक आले. सावळापूरकर. पुलगावात कुणाच्या लग्नाला आले होते, जाता जाता आमच्याकडे. मुलगा प्रभाकर, आर्वीच्या हायस्कुलात गणित शिकवायचा. वडील नाना, पांढरी टोपी, हातात काठी. मी पोहे ठेवले, खाली मान घालून बसले. नेहमीचे प्रश्न झाले. तुला काही विचारायचं असेल तर विचार, असं नाना मुलाला म्हणाले. प्रभाकर आमच्या भिंतीकडे पाहत होता.

"हे वरचं काम नवं दिसतंय," तो म्हणाला. "कुणी केलं?"

बाबा काही बोलायच्या आत मी म्हणून गेले, "मी."

"तुम्ही?"

"हो."

त्यानं पुन्हा एकदा वर पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "रेघ सरळ आहे हो. नाना, घर बांधायला गवंडी नको आपल्याला."

सगळे हसले. मीही मान वर करून हसले आणि त्यानं ते पाहिलं. बस, एवढंच. पण त्या दिवसापासून मला ते घर हवं झालं, तो माणूस हवा झाला. आधीच्या दोन नकारांनी माझा अपमान झाला होता. या वेळी नकार आला तर माझं काही जाणार होतं. मी देवापुढे रोज दिवा लावू लागले, मी, जिला आई हयात असताना देवपूजेचा कंटाळा यायचा.

आठच दिवसांत नानांचं कार्ड आलं, पत्रिका पाठवावी म्हणून. आमच्या घरी पत्र वाचायचं मी आणि लिहायचंही मीच. बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. कडेचं सगळं काळं आणि मध्ये एक भोक, त्यातून दिसेल तेवढं जग. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हळूहळू तेही जाईल. गिरणीत कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. म्हणून माणसं गेटातून आत जाताना आपला नंबर पुकारायची, बाबा आवाजावरून ओळखायचे, कागदावर मोठमोठ्या खुणा करायचे आणि संध्याकाळी तो कागद घरी आणायचे. मी खुणा वाचून दाखवायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि पक्कं मस्टर मी लिहायची. चार वर्षं हे चाललं होतं. मस्टरवरचं अक्षर आणि बाबांच्या पत्रांतलं अक्षर एकच होतं, माझं.

एक पत्रिका तेवढी माझ्या हाती लागू दिली नव्हती. मुलीनं आपली पत्रिका वाचू नये, आयुष्य घटतं, असं ते म्हणायचे. जुनी पत्रिका वाळवीनं खाल्ली, म्हणून दर स्थळासाठी राममंदिरातल्या जोशीबुवांकडून नवी मांडून घ्यायचे. पाकीट स्वतः बंद करायचे आणि स्वतः पोस्टात टाकायचे, चाचपडत का होईना.

"सोबत चिठ्ठी लिही," बाबा त्या दिवशी म्हणाले. मी दौत-टाक घेऊन बसले.

ते सांगत गेले. "पत्रिका सोबत जोडली आहे. एक गोष्ट आधीच कळवतो. आमच्या शेजारी एक बाई आहेत. घरोब्याचा गैरफायदा घेऊन त्यांनी आमची दोन कार्यं मोडली. आपल्याकडे त्या स्वतः येऊन किंवा कुणाकरवी काही सांगू लागल्या तर त्यावर विश्वास ठेवू नये."

मी जोर देऊन लिहीत होते. हे स्थळ मला वाचवायचं होतं. "बाबा, नुसतं 'बाई' नको," मी म्हणाले. "'विघ्नसंतोषी बाई' लिहू का?"

"लिही," बाबा म्हणाले.

तीन आठवडे गेले. एका दुपारी मी घरी एकटी असताना टपाल आलं. जाड पाकीट, आर्वीचा शिक्का. बाबांच्या नावाचं होतं. पत्रिकेची पाकिटं ते स्वतः घेऊन जोशीबुवांकडून वाचून घ्यायचे, मला फक्त निकाल सांगायचे. त्या दिवशी मला संध्याकाळपर्यंत धीर धरवला नाही. मी हेअरपिननं पाकीट उघडलं.

नानांचं पत्र सभ्य होतं. मुलगी आम्हा सर्वांच्या मनास आली होती, प्रभाकरचीही इच्छा होती, परंतु अष्टमातला मंगळ पाहता आमचा नाइलाज आहे, मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे, राग नसावा. सोबत पत्रिका परत पाठवत आहोत.

मी पत्रिका उघडली. कुंडली मला वाचता येत नव्हती, पण वरची ओळ स्वच्छ मराठीत होती. जन्मवेळ, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे. खाली बाबांची सही, वाकडी, ओळ सोडून गेलेली.

पाच दहा. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला मी एक गोष्ट ऐकत आले होते. पाळी बदलायचा तीनचा भोंगा सुरू झाला आणि तो थांबायच्या आत मी रडले. बाबा गेटवर घड्याळ हातात घेऊन उभे होते. उमककाका पळत गेटवर गेले आणि म्हणाले, टायमकीपर, तुमच्याच भोंग्यावर पोरगी झाली. बाबा हे लोकांना कौतुकानं सांगायचे. आईनं सांगितलं होतं, काकूंनी तर शंभर वेळा.

मी तिथेच जमिनीवर बसले. बाबांची वेळ चुकणं शक्य नव्हतं. जगात दुसऱ्या कुणाची चुकली असती.

काकूंच्या दाराशी गेले तेव्हा त्या अंबाडीची पानं खुडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"काकू, मी किती वाजता झाले?"

"आता काहून इचारतं? तवा इचाराचं होतं."

मी पत्रिका पुढे केली, मग आठवलं की त्यांना वाचता येत नाही. "यात पाच दहा लिहिलंय."

काकूंनी भाजी बाजूला सारली. "तीन. तुई नाळ म्या कापली, माया हातानं. मांग एकडाव जोशीबुवा नवी पत्रिका कराले घरी आला होता, तू शिवणाच्या क्लासले गेली होती. तुया बापानं त्याले पाच दहा सांगतलं. मले वाटलं चुकला माणूस. म्या वरून आवाज देल्ला, तीन, तीन म्हणून. तुया बाप म्हणे, शेजारीण आहे, तिचं मनावर घेऊ नका. आठ दिवसानं तुमचं सिमेंट आलं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी स्वतःच्या हातानं दिली होती. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले.

"रडू नोको. तुले तो पोरगा पाह्यजे काय?"

"हो."

"मंग चाल आर्वीले. मी सांगतो त्यायले."

दुसऱ्या दिवशी बाबा ड्यूटीवर गेल्यावर आम्ही आर्वीची छोटी गाडी पकडली. ती गाडी सायकलच्या वेगानं जाते. सगळ्या वाटेत काकू एकच वाक्य घोकत होत्या, तीनचा भोंगा, म्या नाळ कापली. कपाटातलं चांगलं हिरवं लुगडं नेसल्या होत्या. मला आशा वाटत होती, खरंच वाटत होती. सुईण स्वतः साक्ष द्यायला येतेय म्हटल्यावर आणखी काय पाहिजे?

नानांनी आम्हाला ओट्यावर बसवलं. मी सगळं सांगितलं, वेळ चुकीची पडली आहे, नवी पत्रिका करू या. वडिलांविषयी एक शब्द बोलले नाही, चूक झाली एवढंच म्हणाले. मग काकू बोलल्या. नाना काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिले. सगळं संपल्यावर त्यांनी विचारलं, "या बाई कोण तुमच्या?"

"शेजारच्या. उमककाकू."

नाना उठून आत गेले आणि एक कागद घेऊन आले. चष्मा लावून त्यांनी तो मोठ्यानं वाचला. शेजारी एक विघ्नसंतोषी बाई आहेत. स्वतः येऊन काही सांगू लागल्या तर त्यावर विश्वास ठेवू नये.

"तुमच्या वडिलांनी आधीच कळवलं होतं," नाना म्हणाले. "शहाणा माणूस."

"नाना, हे अक्षर माझं आहे," मी म्हणाले. "बाबांनी सांगितलं तसं मी लिहिलं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं."

माझ्याकडे बघताना त्यांचा चेहरा कठोर नव्हता, हे मला अजून आठवतं. "बाळ, मग मी काय समजू? तू तेव्हा खरं लिहिलंस की आता खरं बोलतेस? मुलगी एकटी उठून सासर ठरवायला येते, आपली जन्मवेळ बदलून सांगते. बापाची सही एक सांगते आणि लेकीचं बोलणं दुसरं. आम्ही साधी माणसं आहोत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. प्रभाकर दारात उभा होता. तो केव्हा आला ते मला कळलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. तो आत गेला आणि पाण्याचे दोन पेले घेऊन आला. आधी काकूंना दिला, मग मला.

परतीच्या गाडीत काकू खिडकीशी बसल्या. निम्मी वाट झाल्यावर त्यांनी विचारलं, "इघ्नसंतोषी म्हंजे काय वं?"

मला खोटं सांगता आलं असतं. आमच्या घरात खोट्याची सवय होतीच. पण मी खरं सांगितलं. "दुसऱ्याचं वाईट झालं की ज्याला आनंद होतो, तो."

"तुया बापानं सांगतलं हे लिहाले?"

"नाही. तो शब्द माझा."

काकूंनी मान हलवली. बाहेर पराटीची, कपाशीची शेतं सरकत होती. "तुया मायले झटका ये, तवा तिची मान माया मांडीवर राहे," त्या म्हणाल्या. "तिचे दात लागले होते एकडाव माया बोटाले." आणि उजव्या हाताचं बोट त्यांनी स्वतःच वळवून पाहिलं. मला दाखवलं नाही. चाळीच्या तोंडाशी म्हणाल्या, "जाय आता घरी. बापाले भाकर लागन." त्यानंतर उमककाका निवृत्त होऊन त्या गावाकडे गेल्या तोपर्यंत माझ्याशी बोलल्या, पण मला इंदे म्हणून हाक मारली नाही. टायमकीपरची पोरगी म्हणत.

घरात बाबा दिवा लावून बसले होते. समोर दिवसभराचे कागद.

"कुठे होतीस? मस्टर राहिलंय."

"आर्वीला गेले होते. काकूंना घेऊन."

बाबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. त्या चष्म्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. पुसून पुन्हा लावला.

"काय म्हणाले नाना?"

"पाच दहा म्हणाले."

"जोशीबुवांच्या ऐकण्यात काही..."

"बाबा, बावीस वर्षांत तुमचा भोंगा एकदा तरी चुकला का?"

"नाही," ते लगेच म्हणाले. तेवढा अभिमान त्यांना त्याही वेळी आवरला नाही. मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं आणि त्यांचे हात कागदांवर थांबले.

मी त्यांच्यासमोर बसले.

"तू गेलीस की आठ दिवसांत मला घरी बसवतील," ते म्हणाले. "मग हे घर जाईल. मी कुठे जाऊ? कोण वाचून दाखवेल मला?"

"आईची मिरगी? ते मध्यस्थानं सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"तसं कुणी काही सांगितलं नव्हतं."

कुंपणच शेत खातं हे ऐकलं होतं. त्याच कुंपणाला टेकून मी इतकी वर्षं निवांत बसले होते. "मला सांगायचं होतं," मी म्हणाले. "नुसतं म्हणायचं होतं, इंदू, मला सोडून जाऊ नकोस. मी राहिले असते. लग्न केलं नसतं, बाबा. खरंच राहिले असते."

"मला माहीत होतं."

"मग का नाही म्हणालात?"

बाबांनी माझ्या आवाजाकडे तोंड केलं. त्यांचा चेहरा शांत होता, खरं बोलणाऱ्या माणसाचा. "मग जन्मभर मला तुझ्या उपकारात राहावं लागलं असतं. रोज पानावर बसताना वाटलं असतं, हिनं माझ्यासाठी सगळं सोडलं. मंगळामुळे राहिलीस तर कुणाचे उपकार नाहीत. नशीब म्हणायचं आणि जेवायचं."

माझ्या मनात त्या क्षणापर्यंत कुठेतरी दया शिल्लक होती. आंधळा होत चाललेला बाप, घाबरला, चुकला. त्या उत्तरानं ती संपली. त्यांना माझं आयुष्य हवं होतं आणि त्याबद्दल माझं ऋणी राहायचं नव्हतं.

मी निघून गेले असं सांगायला मला आवडलं असतं. मी गेले नाही. जायला माझ्याकडे जागा नव्हती आणि शेजारचं एकमेव दार मीच बंद केलं होतं. मी हात धुतले, पिठलं टाकलं, दोघांची पानं घेतली. जेवणं झाल्यावर मस्टर उघडलं आणि कागदावरच्या खुणा वाचायला लागले.

"एकशे चार. किसन वाघाडे. हजर."

बाबांनी डोळे मिटले नव्हते. माझ्या दिशेनं पाहत होते.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

चार वर्षांत त्यांनी मला एकही नाव पुन्हा वाचायला लावलं नव्हतं. मी पुन्हा वाचलं. किसन वाघाडे हजरच होता. पुढचं नाव वाचलं, तेव्हाही ते म्हणाले, पुन्हा. त्यापुढच्यालाही. ते सेवानिवृत्त झाले तोपर्यंतच्या सहा वर्षांत मी एकही खूण चुकीची वाचली नाही, आणि प्रत्येक रात्री प्रत्येक नाव त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं.